दोष आढळला नाही

७ डिसेंबर १९९१

नीलास,

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरच्या नाही. घरी पाठवलं तर तुझी बायको आधी फोडणार, आणि मला तिच्याशी काही देणंघेणं नाही. फोन करून पाहिला. तुमच्या दुकानातली ती मुलगी गोड आवाजात 'जरा थांबा हं' म्हणते आणि कानात बाजा लावून देते. बाजा ऐकायला मी बर्फ तुडवत पोस्टापर्यंत जात नाही.

बाबांच्या मातीनंतर मी तुझ्याशी बोललेले नाही, आणि आजही बोलत नाहीये. ही तक्रार आहे. तू दुकानदार, मी गिऱ्हाईक. तसंच वाच.

तू माझ्या नवऱ्याला जी नवी बर्फगाडी विकलीस ती बंद पडते. सकाळी उबदार शेडमधून काढली की झक्क चालू होते, कोंबड्यासारखी आरवते. तास-दीड तास नीट पळते. मग थंडी हाडात शिरली की एकदम गप्प. दोरी ओढा, शिव्या द्या, लाथ घाला, ढिम्म. काल लांबतळ्याच्या मधोमध थांबली. मागच्या घसरगाडीत रेनडिअरच्या कळपाचा चारा होता. योव्ना आणि मी जुन्या गाडीने ती खेचत आणली. नवी कोरी गाडी मेलेल्या गाईसारखी दोरानं बांधून! शेजारचा हेइका उभा राहून बघत होता. म्हणाला, "अरे वा, हिला पुढून ओढायची असते होय?"

मी योव्नाला आधीच सांगितलं होतं की दुसरीकडून घे. तो म्हणाला, "कशाला? घरचा माणूस बसलाय दुकानात. मेहुण्याला फसवेल का तो?" मी म्हटलं, "ज्याने बाप गेल्यावर एका शरद ऋतूत आपल्या वाटणीची सगळी जनावरं कत्तलखान्यात नेली, तो मेहुण्याला काय सोडणार?" पण योव्नाला तू लहानपणापासून आवडतोस. ते त्याचं दुखणं.

तुमच्या दुकानाबाहेर मोठा फलक आहे ना? 'लॅपलँडच्या हिवाळ्यासाठीच बनलेली.' त्याच्याखाली तू टाय लावून उभा राहतोस असं ऐकलं. टाय घट्ट बांध. आणि गाडी न्यायला माणूस पाठव.

रिस्तेन


२९ डिसेंबर

नीलास,

गाडी परत मिळाली. सोबत शिक्का मारलेला कागद होता. 'तपासणी केली. दोष आढळला नाही.'

कसा आढळेल? तुमच्या शेडमध्ये शेगड्या पेटलेल्या असतात. तिथे माणसं सदऱ्यावर फिरतात. तिथे माझी सासूसुद्धा पळेल, आणि ती अंथरुणाला खिळली आहे. गाडी बाहेर काढा, उणे तीसमध्ये उभी करा, मग दोष शोधा, एवढं सांगायला मी काल पुन्हा फोन केला. या खेपेला बाजा वाजला नाही, तुझा मालक उर्पो स्वतः आला.

मी सगळं नीट सांगितलं. आवाज चढवला नाही. तो ऐकून घेतल्यावर म्हणाला, "बाई, पेट्रोलमध्ये पाणी असणार."

मी म्हटलं, "पेट्रोल पंपावरचं आहे. जुनी गाडी त्याच पेट्रोलवर चालते."

तर म्हणतो, "तुम्हा सामी लोकांचं काही सांगता येत नाही हो. रेनडिअरचं मूत ओतत असाल टाकीत."

ठीक आहे. असली माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. शाळेत पाहिली, दवाखान्यात पाहिली. उर्पोच्या बोलण्याने माझं काही झडत नाही. पण त्याच्या मागे कोणीतरी हसलं, नीलास. आधी नाकातून फुस्स, मग खोकल्यासारखं. ते हसू मी ओळखते. आपल्या घरात बाबा तसे हसायचे आणि तू तसा हसतोस. तिसरं कोणी नाही.

मालकाच्या विनोदाला हसावंच लागतं, असं योव्ना म्हणाला. म्हणजे तुझी बाजू घ्यायला अजून तो आहे. मी त्याच्या ताटात मांस वाढलं.

गाडी परवा पुन्हा बंद पडली. त्याच तऱ्हेने. आता काय करायचं ते सांग. तुला विचारतेय, उर्पोला नाही.

रिस्तेन


२१ जानेवारी १९९२

नीलास,

तुला कळलं असेलच. बातमी पेट्रोलशिवाय पळते. तरी माझ्याकडून ऐक.

अकरा तारखेला योव्ना गरुडकड्याच्या पलीकडे कळप बघायला गेला. मी म्हटलं, "जुनी ने." तो म्हणाला, "नवी दारात सजवून ठेवायची का? आज ऊन आहे, चालेल." चालली. जाताना चालली. परतताना कड्याच्या उतारावर थांबली, आणि तेवढ्यात वारा सुटला. त्याने बराच वेळ दोरी ओढली. घाम आला. घामाने आतले कपडे ओले झाले, आणि मग तो चालत निघाला.

हेइकाला तो लांबतळ्याच्या काठावर सापडला. चालत नव्हता, गुडघ्यांवर होता. तरी त्याने हेइकाला पहिलं काय विचारलं असेल? "गाडी बघितलीस का? झाकून ठेवलीय मी." गाडी झाकून ठेवली होती त्याने, स्वतःच्या वरच्या कोटाने! इंजिनाला थंडी लागू नये म्हणून.

डाव्या पायाची सगळी बोटं काढली. उजवं पाऊल अर्ध्यातून. डॉक्टर तरुण आहे, चांगला बोलतो. म्हणाला, "चालता येईल, पण कळपामागे धावता येणार नाही." योव्नाने त्याला विचारलं, "मग मी काय करायचं?" डॉक्टरने खाटेवरचा कागद पुन्हा अडकवला. तो दुसऱ्या खाटेकडे गेला.

मी तुमच्या दुकानाला कळवलं. मला वाटलं, आता तरी कोणी माणूस येईल. आलं ते पत्र. माझ्यासमोर आहे, वाचते. 'वाहनाला घसरगाडी जोडल्याने वॉरंटी लागू होत नाही. तसेच वाहन बंद पडल्यास चालकाने वाहन सोडून जाऊ नये, जागेवर थांबून मदतीची वाट पाहावी, अशी सूचना पुस्तिकेत स्पष्ट दिलेली आहे. सदर इजा चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाली आहे.'

खाली सही तुझी.

त्या दिवशी घसरगाडी जोडलेली नव्हती. पण ते जाऊ दे. फलकावरच्या चित्रात तिला घसरगाडी जोडलेली आहे, तेही जाऊ दे. मी फक्त सहीकडे बघतेय. तुला अक्षर मी शिकवलं. शाळेच्या वसतिगृहात तू रडायचास, तेव्हा तुझ्याकडून नाव गिरवून घेतलं मी. चांगलं वळणदार आलंय.

योव्नाला पत्र दाखवलं नाही. तो विचारतो, "नीलासचं काही आलं का?" मी म्हणते, "नाही."

रिस्तेन


१२ फेब्रुवारी

नीलास,

तुझं पत्र मिळालं. घरच्या कागदावर, हाताने लिहिलेलं. दोनदा वाचलं. ती सही उर्पोने करायला लावली असं लिहितोस. असेल. 'ताई, मी शनिवारी येतो, गाडी स्वतः कळपापर्यंत चालवतो, बंद पडली तर उर्पोसमोर उभा राहून सांगेन' असंही लिहितोस. चांगलं आहे.

ये. योव्ना दवाखान्यातून घरी आला आहे. तू येणार म्हटल्यावर त्याने दाढी केली. मी जिभेचं मांस उकडून ठेवते, तुला आवडतं ते. कॉफीत घालायला चीज आहे.

तुझ्या दुकानातलंच पेट्रोल घेऊन ये, म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटेल. फार कपडे आणू नकोस. थोडंसं तर जायचंय. दुपारी निघू आणि उजेड आहे तोवर परत येऊ. तू पुढे नवी घे, मी जुनीवर तुझ्या मागोमाग आहे.

आणि बंद पडलीच, तर योव्नासारखा चालत सुटू नकोस. पुस्तिकेत लिहिलंय तसं गाडीपाशीच थांब. मी येतेच.

ताई


२६ फेब्रुवारी

नीलास,

दवाखान्यात तुला भेटायला आले होते. तुझ्या बायकोने दारातच अडवलं. तुइरे दिसते बारीक, पण दाराच्या चौकटीत मावत नाही. म्हणून पुन्हा पत्र. ती वाचून दाखवेल का तुला? तुइरे, तू वाचत असशील तर मोठ्याने वाच, मधली वाक्यं गाळू नकोस.

तिने काय काय विचारलं त्याची उत्तरं देते.

हो, मी तुझ्या मागोमाग निघणार होते. पण जुनी गाडी चालू होईना. दारातच अडकले. (योव्ना म्हणतो त्याने जुनीचा आवाज लगेच ऐकला. त्याला गोळ्यांच्या गुंगीत काहीही ऐकू येतं.) मग वाऱ्याने तुझ्या गाडीची वाट पुसली होती. शोधत यावं लागलं. तू लांबतळ्यावर असशील असं मला वाटलं नाही. मला वाटलं, तू कड्यापलीकडे गेलास.

हातमोजे मी काढायला सांगितले नव्हते. तू आपणहून काढलेस. प्लग उघडायला गेलास, पेट्रोल हातांवर सांडलं. त्या थंडीत ओले हात! नीलास, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोराला कळतं. इतकी वर्षं शेगडीच्या उबेत गाड्या विकून हात शहाणपण विसरले तुझे. आणि वर तो शहरी कोट. तुइरे मला म्हणाली, "तुम्हीच तर लिहिलंत, कपडे आणू नकोस म्हणून." लिहिलं असेल. आमच्या घरात कातडी कोट खुंटीला होते. तू मागितला नाहीस.

मी आले, तुला घसरगाडीत घातलं, माझ्या कुडत्याच्या आत तुझे हात घेतले. ते लाकडासारखे वाजत होते. ते तुला आठवत नसेल.

उजव्या हाताचा फक्त अंगठा राहणार, असं परिचारिका बोलली. डाव्याची दोन जातील.

आता विचार उर्पोला. पेट्रोल कोणाचं होतं? घसरगाडी होती का? तू गाडी सोडून गेलास का? पुस्तिकेत लिहिलेलं सगळं तू पाळलंस. पुस्तिकेबाहेर एक पाऊलही टाकलं नाहीस. त्याला म्हणावं, लिही आता 'चालकाचा निष्काळजीपणा'.

मला राग राहिलेला नाही.

रिस्तेन


२१ मार्च

नीलास,

दुकानाचं पत्र आलं. सुरुवात 'आदरणीय' अशी. कारखान्यातून माणसं आली होती म्हणे. तुमच्या दुकानाबाहेर गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली, आणि सकाळी त्यांच्या देखत ती बंद पडली. आत कुठलीतरी तार आहे, गार झाली की आखडते आणि जोडातून सुटते. त्या खेपेच्या सगळ्या गाड्या परत मागवल्या आहेत. मला नवी देणार. तू खाटेवरून दिलेल्या जबानीचा उल्लेख आहे. 'आमच्या अनुभवी कर्मचाऱ्याला आलेल्या प्रत्यक्ष अनुभवामुळे' असं लिहिलंय.

योव्नाच्या पायांबद्दल अक्षर नाही. मी पत्र उलटं करून पाहिलं, पाकीट झटकून पाहिलं.

म्हणजे तो पडला तेव्हा चूक त्याची. तू पडलास तेव्हा चूक तारेची. थंडी तीच, तळं तेच, गाडीसुद्धा तीच. तुझी बोटं मोजली गेली आणि त्याची टाकून दिली. सांग, मग मी चुकले कुठे? मला दुसरा कोणता रस्ता ठेवला होता तुम्ही?

तुइरेने फोन केला होता. हेइकाच्या घरी, कारण तिला माझा आवाज ऐकायचा नव्हता, निरोप द्यायचा होता. पण मी तिथेच बसले होते, फोन मीच घेतला. ती किंचाळली, "तुमच्याकडे माणसं राहतात की लांडगे?"

मी म्हटलं, "लांडगे भूक असली तरच येतात, तुइरे."

हेइकाने माझ्या हातातून फोन काढून खाली ठेवला. त्यानंतर तो आमच्याकडे कॉफीला आलेला नाही.

रिस्तेन


१४ एप्रिल

नीलास,

हे शेवटचं लिहिते. पाकीट चिकटवलेलं नाही, नुसतं दुमडलंय. तुला फोडताना त्रास नको.

तू स्वतः गाडी घेऊन येशील असं मला वाटलं नव्हतं. ट्रक अंगणात थांबला आणि चालकाच्या शेजारून तू उतरलास. टाय होता. तो तुला कोण बांधून देतं? योव्ना कुबड्या घेऊन अनवाणी पट्ट्यांवरच दारात धावला, धावला म्हणजे आपटत आपटत. "नीलास! ये रे, आत ये, कॉफी ठेवलीय!" तू त्याला म्हणालास, "नको भाऊजी. कामावर आहे." त्याला भाऊजी म्हणालास. मी ते मनात धरलं, वाटलं आता माझ्याकडे वळशील.

वळलास, आणि म्हणालास, "तुम्हीच रिस्तेन ना? गाडी तुमच्या नावावर आहे. एकदा चालू करून बघा, आणि समाधान झालं तर इथे सही करा."

तुम्ही. मला. ज्या पोराला मी पाठीवर बांधून शेण-बर्फ तुडवलंय, त्याने मला अंगणात उभं करून 'तुम्ही' म्हटलं. योव्ना हसायला लागला, त्याला गंमत वाटली. मग त्याने तुझं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

मी म्हटलं, "तूच ओढून दाखव की दोरी. विकणाऱ्याने दाखवायची असते."

हे मी मुद्दाम म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तू दोन्ही हात पुढे केलेस. पट्ट्या नव्हत्या आता. तू मला ते सगळीकडून बघू दिलेस, आधी वरून, मग तळवे, दुकानात माल दाखवतात तसे. आणि म्हणालास, "मला जमत नाही, बाई. तुम्ही ओढा."

मी ओढली. पहिल्याच झटक्यात चालू झाली. सगळं अंगण त्या आवाजाने भरलं. योव्ना दारात लांब होता, ट्रकवाला काच लावून बसला होता. तेव्हा तू माझ्या कानाशी आलास. कागद पुढे धरलास, कोणी पाहिलं असतं तर सहीची जागा दाखवतोय असंच वाटलं असतं. आणि विचारलंस, "ताई, मी तळ्यावर होतो तेव्हा गरुडकड्यावर एक दिवा आला होता. मग विझला. तो तुझा होता?"

मी म्हणाले, "काय? आवाजात ऐकू येत नाही."

तू पुन्हा विचारलं नाहीस. मी सही केली. तू कागदाची घडी दातात धरून घातलीस आणि ट्रकमध्ये चढलास. योव्नाने हात हलवला. तू हलवलास की नाही ते काचेतून दिसलं नाही. नंतर हेइकाकडून कळलं की ती तुझी दुकानातली शेवटची फेरी होती. उर्पोने तुला काढलं. जबानी दिलीस म्हणून की हातांमुळे, ते त्यालाही माहीत नाही.

मला ऐकू आलं होतं.

दिवा माझा होता. जुनी गाडी लगेच चालू झाली होती, योव्ना खरं सांगत होता. मी तुझ्या वाटेवरूनच आले, तळ्यापाशी काठाने वळून कड्यावर चढले. खाली तळ्यावर तू दिसलास, गाडीभोवती गोल गोल फिरणारा काळा ठिपका. मी दिवा विझवला, इंजिन बंद केलं, गाडीवर बसून थर्मास उघडला. वारा तुझ्याकडून माझ्याकडे होता. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

आधी तू गाडीला शिव्या दिल्यास. मग उर्पोला. मला बरं वाटलं. एवढं बरं मला त्या हिवाळ्यात वाटलं नव्हतं. मग 'ताई' म्हणून हाका मारायला लागलास. पहिल्या हाकेला मी उठणार होते. पण तुझं ते फोनमागचं हसू आठवलं, आणि मी आणखी कॉफी ओतली. पुन्हा 'ताई' आलं. पुन्हा. योव्नानेही अशा हाका मारल्या असतील, तेव्हा तू टाय लावून उबेत उभा होतास. मी बसून राहिले. तुझा आवाज फाटला, बायकांसारखा बारीक झाला, तरी बसून राहिले. योव्नाने भोगलं तेवढंच तू भोगावंस, जास्त नाही, असं मी स्वतःला सांगत होते. पण तेवढं म्हणजे किती ते कळायला माझ्याकडे माप नव्हतं, आणि मला ते शोधायचंही नव्हतं.

योव्नाला हे माहीत नाही. तो रोज म्हणतो, "नीलासला इकडेच बोलाव, कळपाच्या फाटकाशी उभं राहायला बोटं कुठे लागतात?" त्याला काय सांगायचं ते तू ठरव. पोलिसांना सांगायचं असेल तर सांग. मी नाकारणार नाही. पण माफी मागणार नाही, कारण अजून मला ती आतून येत नाही. खोटी माफी तुझ्या दुकानातून भरपूर आली, तसली मी पाठवत नाही.

एवढंच सांगते, मी कधी उठले ते. तू हाका मारायचं थांबलास. बराच वेळ काही नव्हतं, फक्त वारा. मला वाटलं, झालं. आणि मग तू आईला हाक मारलीस. आपल्या भाषेत, लहानपणी मारायचास तशी, शेवटचं अक्षर लांबवून. आई थडग्यात आहे हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं. तरी मी इकडेतिकडे बघितलं, ती येतेय का.

कोणी आलं नाही. मग मी दिवा लावला.

रिस्तेन